मोआईंसाठी एक रात्र पुरत नाही: मराठी सहल आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
दक्षिण अमेरिकेच्या सहली नेणारे सर्व मराठी सहल आयोजक आणि सहल व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका सहल संस्थेचं पुढच्या हंगामाचं माहितीपत्रक घरी आलं. मी याच संस्थेबरोबर दोन वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेला गेले होते, म्हणून ते दरवर्षी पोस्टाने येतं. आमच्या वेळी इस्टर बेटावर, म्हणजे मोआई हे पूर्वजांचे दगडी पुतळे असलेल्या चिलीच्या बेटावर, दोन रात्रींचा मुक्काम होता. या पत्रकात एकच रात्र उरली आहे. दुपारी विमानातून उतरायचं, संध्याकाळपर्यंत ‘पुतळे दर्शन’, दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदी आणि जेवण करून परत सान्तियागो. त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ आहे: ‘परग्रहवासीयांनी घडवलेले गूढ पुतळे पाहा!’

मी कार्यालयात फोन केला. बोलणाऱ्या मुलीने नीट ऐकून घेतलं, वरिष्ठांना विचारलं आणि उत्तर दिलं, की लोक एकदा पुतळे पाहिले की कंटाळतात, म्हणून मुक्काम कमी केला आहे. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, त्यालाही नाही. तेव्हा हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. मला एका संस्थेशी भांडायचं नाही, आणि ज्या गोष्टींबद्दल लिहिते आहे त्या एकाच संस्थेपुरत्या असतील असं मला वाटत नाही.

मी कोण, हे आधी सांगायला हवं. एकतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून, म्हणजे गेली वीसेक वर्षं, सातारा जिल्ह्यातल्या गावांमधले वीरगळ शोधून त्यांची मापं घेते, फोटो काढते, नोंदी ठेवते. देवळाच्या मागे, विहिरीच्या काठाला, कधी उकिरड्यात अर्धे गाडलेले असे हे दगड असतात. लढताना किंवा गुरं राखताना मेलेल्या कुणा माणसाची ती आठवण असते. गावाला त्याचं नाव आठवत नाही, पण दगड आपला आहे हे माहीत असतं. गावकऱ्यांना एकच गोष्ट सांगता सांगता माझी वर्षं गेली: दगडाला शेंदूर फासू नका, ऑइलपेंट तर मुळीच लावू नका, कोरीव काम बुजतं. म्हणून पूर्वजांसाठी उभा केलेला दगड माझ्यासाठी नुसतं प्रेक्षणीय स्थळ होऊ शकत नाही. निवृत्तीच्या पैशांतून मी जगातली एकच दूरची जागा निवडली, ती ही.

ही जागा किती दूर आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरवर. सर्वांत जवळची वस्ती पिटकेर्न बेटाची, तीही दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे. सान्तियागोहून विमान पाच तास नुसत्या समुद्रावरून जातं. मुंबईहून निघालेला माणूस वाटेतले सगळे मुक्काम, थांबे आणि लाखांतला खर्च सोसून तिथे पोचतो. त्याला एक संध्याकाळ दाखवायची आणि विमानात बसवायचं, हे मला पटत नाही.

पहिली तक्रार वेळेची आहे, आणि ती मी रानो राराकूपासून सुरू करते.

रानो राराकू ही मोआईंची खाण. बेटावर हजाराच्या जवळपास मोआई आहेत, त्यांतले बहुतेक सगळे याच एका ज्वालामुखीच्या दगडातून निघाले. सुमारे चारशे आजही तिथेच, उतारावर आणि खडकात आहेत. कुणी खांद्यापर्यंत मातीत. कुणाचं नुसतं नाक आणि कपाळ वर. उतारावरून पावसाबरोबर माती खाली येत गेली आणि उभे मोआई तिच्यात बुडत गेले, म्हणून आपल्याला फक्त डोकी दिसतात. खाली धड असतं. पायवाटेने वर गेलं की खडकातच आडवे पडलेले, अर्धवट सोडलेले मोआई दिसतात. त्यांतला एक जवळजवळ एकवीस मीटर लांब आहे. तो कधी सुटलाच नाही.

तिथल्या एका मोआईपाशी मी थांबले होते. तो पाठीवर निजलेला होता. चेहरा पूर्ण, ओठ बारीक मिटलेले, लांब कान, पोटावर टेकलेली लांब बोटं. सगळं काम झालेलं. फक्त पाठीच्या मधोमध, नावेच्या तळासारखी एक दगडी धार शिल्लक होती, आणि तेवढ्यानेच तो डोंगराला चिकटून होता. समोरचं सगळं आधी कोरायचं आणि ही धार शेवटी तोडायची, अशी त्यांची रीत. मग दोरांनी उतारावरून खाली आणायचं, खड्ड्यात उभा करायचा आणि पाठ घासून पुरी करायची. बाजूच्या खडकावर बसाल्टच्या छिन्नीचे, तिकडे तिला तोकी म्हणतात, घाव ओळीने दिसत होते. आपल्याकडे पाथरवटाने टाकीचे घाव घालून सोडलेला दगड असतो तसेच. आणखी चार दिवस काम चाललं असतं तर तो डोंगरापासून मोकळा झाला असता, असं वाटत होतं. मी वहीत ती धार काढून घेत होते, तेवढ्यात खालून शिट्टी वाजली. चाळीस मिनिटं संपली होती. मुक्कामावर जेवण तयार होतं आणि आचाऱ्यांनी पुऱ्या तळायला घेतल्या होत्या.

आचाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. घरापासून इतक्या दूर गरम वरणभात वाढणाऱ्या माणसाचे आभारच मानायचे. पण राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट दहा दिवस चालत असलं, तरी रानो राराकू आणि ओरोंगो या दोन ठिकाणी त्यावर एकदाच आत सोडतात. एकदा बाहेर पडलात की संपलं. हे व्यवस्थापकांना माहीत होतं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्या दिवशी केळी आणि ब्रेडवर भागवलं असतं. पासष्टीच्या बायका पंढरीची वारी पायी करतात, त्यांना एका वेळच्या जेवणाचं काय!

हे सगळं दोन रात्रींच्या सहलीत झालं. एका रात्रीत तर रानो राराकू, ओरोंगो आणि तोंगारिकी या तिन्हींपैकी नीट काहीच होणार नाही.

दुसरी तक्रार त्या ‘परग्रहवासी’ ओळीची आहे. ही मला सर्वांत जास्त लागली.

बसमध्ये माईक हातात घेऊन आम्हाला सांगितलं गेलं, की एवढे दगड माणसांना हलवता येणं शक्यच नव्हतं. पुढे असंही, की तिथली प्राचीन लिपी आणि आपली सिंधू लिपी एकच आहे, म्हणजे आपलेच लोक तिथे गेले असणार. टाळ्या पडल्या. बसच्या पुढच्या बाकावर आमची वाटाडी बसली होती, तिथलीच, रापा नुई. बेटाचं आणि तिथल्या लोकांचं तेच नाव. तिला मराठी कळत नव्हतं. कळलं असतं तर मला तिच्याकडे बघता आलं नसतं.

रोंगोरोंगो, म्हणजे ती तिथली लिपी, आणि सिंधू लिपी यांच्या चिन्हांत साम्य असल्याचा दावा १९३२ साली एका हंगेरियन संशोधकाने केला होता. तो कधीच टाकून दिला गेला. सिंधू लिपीचा वापर इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपास थांबला आणि रापा नुईवर माणसं पोचली ती इसवी सन १२०० च्या सुमारास. मधली तीन हजार वर्षं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर टाळ्यांनी भरून निघत नाही. दोन्ही लिप्या अजून कुणाला वाचता आलेल्या नाहीत, एवढंच त्यांच्यात समान आहे.

मोआई कुणी घडवले यात गूढ काहीच नाही. पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांतून आले, त्यांच्या वंशजांनी घडवले, आणि त्यांचेच वंशज आज हांगा रोआ गावात राहतात, मासे धरतात, शाळा चालवतात. दगड कसे हलवले यावर अभ्यासकांत वाद आहेत. तिथली परंपरा सांगते, की मोआई चालत गेले. २०१२ साली टेरी हंट आणि कार्ल लिपो या अभ्यासकांनी सव्वाचार टनांहून जड अशी प्रतिकृती उभी करून, दोन बाजूंनी आणि मागून दोर बांधून, अवघ्या अठरा माणसांकडून ती डुलवत डुलवत पुढे नेऊन दाखवली. जड कपाट आपण एकदा या कोपऱ्यावर, एकदा त्या कोपऱ्यावर रेटत सरकवतो, तसंच. इतर अभ्यासक लाकडी ओंडक्यांचं, घसरगाडीचं सांगतात. पण हे सगळे वाद माणसांच्या हुशारीबद्दल आहेत. ‘त्यांना शक्यच नव्हतं’ हे वाक्य त्यांत कुठेही नाही. वेरूळचं कैलास लेणं माणसांनी खोदलंच नसेल, असं कुणी म्हटलं की आपल्याला राग येतो. तोच राग त्यांनाही येत असणार.

दुसरी गोष्ट माईकवर सांगितली गेली ती अशी, की त्या लोकांनी मोआईंच्या वेडापायी झाडं तोडली, उपाशी मेले, एकमेकांना मारलं आणि आपल्या हाताने संपले. जंगल गेलं हे खरं. तिथला मोठा ताड नाहीसा झाला, त्यात माणसांचा हात होता आणि त्यांच्याबरोबर आलेल्या उंदरांचाही. पण लोक संपले ते यामुळे नाही. २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पंधरा प्राचीन रापा नुई व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची कुठलीही खूण त्यात सापडली नाही. उलट ती हळूहळू वाढतच होती.

कोसळली ती नंतर, आणि ते कसं झालं हे तारखांनिशी माहीत आहे. डिसेंबर १८६२ पासून पेरूची गुलामांचा व्यापार करणारी जहाजं आली आणि दीड हजारांच्या आसपास माणसं पकडून नेली. त्यांत राजघराण्यातले, पुरोहित, रोंगोरोंगो वाचू शकणारे लोक होते. बहुतेक तिकडेच मेले. मूठभर जिवंत माणसांना परत पाठवलं, तर त्यांच्याबरोबर देवीची साथ बेटावर आली. १८७७ साली अख्ख्या बेटावर १११ रापा नुई उरले होते. एकशे अकरा. माझ्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्यांत यापेक्षा जास्त मुलं असायची. १८८८ साली चिलीने बेट आपल्या देशाला जोडलं. पुढे अर्धं शतक ते एका कंपनीचं मेंढ्यांचं कुरण झालं आणि माणसांना हांगा रोआच्या कुंपणाआड ठेवलं. स्वतःच्या पूर्वजांच्या मोआईंपर्यंत जायला त्यांना परवानगी लागायची. नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळाले ते १९६६ साली.

हा इतिहास ज्या जमातीने सोसला, तिला ‘आपल्या मूर्खपणाने संपलेली जमात’ म्हणून तिच्याच बेटावर, तिच्याच बसमध्ये सांगायचं. ही चूक पुन्हा होऊ नये, म्हणून मी एवढं लांब लिहिते आहे.

तिसरी तक्रार वाटाड्यांबद्दलची. महामारीमुळे बंद झालेलं बेट ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हापासून उद्यानातल्या बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त वाटाड्या किंवा रापा नुई व्यक्ती बरोबर असल्याशिवाय जाता येत नाही. उद्यानाचा कारभार आता ‘माऊ हेनुआ’ ही रापा नुई लोकांचीच संस्था बघते. म्हणजे नियम त्यांच्या घराचा आहे. आमच्याबरोबर वाटाडी होती, नियम पाळला गेला. पण ती दहा वाक्यं इंग्रजीत बोलली की मराठीत एक वाक्य यायचं. तिने मोआईंना ‘आरिंगा ओरा’, म्हणजे जिवंत चेहरे, का म्हणतात ते सांगितलं. आहूवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर, उभे झाल्यावर पांढऱ्या पोवळ्याचे आणि लाल दगडाच्या बुबुळांचे डोळे बसवायचे, आणि डोळे बसले की पूर्वजाची ताकद, त्यांच्या भाषेत ‘माना’, गावावर पसरायची. १९७८ साली बेटावरच्या आनाकेना किनाऱ्यावर खोदकामात असा एक डोळा सापडेपर्यंत खोबण्या कशासाठी आहेत हे अभ्यासकांना ठरवता येत नव्हतं. जवळजवळ सगळे मोआई समुद्राकडे पाठ करून उभे आहेत, कारण त्यांना आपल्या माणसांकडे बघायचं आहे. हे सगळं ती पाच-सात मिनिटं सांगत होती. मराठीत आम्हाला ऐकू आलं, ‘डोळे होते म्हणे पूर्वी.’

माझ्या शेजारी बसलेल्या कोल्हापूरच्या काकूंना मी नंतर ते सगळं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्या देवघरातल्या टाकासारखंच की.’ घरातल्या गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक, सणावाराला त्याला नैवेद्य. त्यांना एका वाक्यात समजलं. आपल्या लोकांना हे समजायला वेळ लागत नाही. सांगणारा हवा.

चौथी तक्रार आमच्या वागण्याची आहे, आणि तिची जबाबदारी मी तुमच्यावर टाकते आहे, कारण आम्हाला आधी काहीच सांगितलं गेलं नव्हतं.

तोंगारिकी. पंधरा मोआई एका ओळीत, मागे समुद्र. १९६० साली चिलीत महाभयंकर भूकंप झाला. त्याची त्सुनामी इथवर आली आणि पाडून ठेवलेले हे मोआई तिने आत जमिनीवर दूर फेकून दिले. तीस वर्षं ते तसेच विखुरलेले होते. मग पुरातत्त्वज्ञ क्लाउदिओ क्रिस्तिनो यांच्या देखरेखीखाली १९९० च्या दशकात जपानच्या तादानो कंपनीच्या क्रेनने त्यांना परत उभं केलं. पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं: एकेक मोआई कुणीतरी शोधला आहे, जोडला आहे, उचलला आहे.

तिथे आमच्या संस्थेचं कापडी बॅनर उघडलं गेलं. फोटो काढायला तिघं-चौघं मोआईंच्या समोरच्या दगडगोट्यांच्या उतारावर चढले. तो उतार आहूचाच भाग असतो. त्यावर पाय ठेवणं तिथे तापू आहे, निषिद्ध आहे. वाटाडी हात हलवत धावत आली. व्यवस्थापक तिला समजावत होते, की हा फोटो कार्यालयाला पाठवावा लागतो. त्याच वेळी आमच्यातल्या एक आजी चपला काढून, पर्समधली कुंकवाची डबी उघडून दोरीच्या पलीकडे निघाल्या होत्या. वाटाडीने त्यांचा हात धरला. आजींना काय चुकलं ते कळेना, त्यांचे डोळे भरून आले. त्यांना तर पायाच पडायचं होतं.

मी त्यांना बाजूला घेऊन बसले. आमच्या गावांत वीरगळाला शेंदूर लावणारे लोक वाईट नसतात, प्रेमानेच लावतात, हे मला माहीत आहे. पण बोटभर कुंकू त्या सच्छिद्र दगडात जाऊन बसतं आणि कायमचं राहतं. हे आजींना विमानातच कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी लांबून हात जोडले असते आणि वाटाडीला ते आवडलं असतं.

या दगडांचं काय काय झालं आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं. मार्च २००८ मध्ये आनाकेनाला फिनलंडच्या एका पर्यटकाने आठवण म्हणून मोआईच्या कानाचा तुकडा तोडला, त्याला सुमारे १७ हजार डॉलरचा दंड झाला. मार्च २०२० मध्ये एक पिकअप गाडी घसरून आहूवर आदळली. ऑक्टोबर २०२२ मध्ये रानो राराकूच्या परिसरात वणवा लागला आणि कित्येक मोआई होरपळले. आपल्या गडांवर कोळशाने आणि खिळ्याने नावं कोरणाऱ्यांवर आपण चिडतो. बॅनर घेऊन आहूवर चढणारी मंडळी त्यांच्याहून फार वेगळी नाहीत, आणि त्या फोटोत मीही कडेला आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगते. सहलीत बेटावरचे लोक कुठेच नव्हते. गावातलं फादर सेबास्तियन एंगलर्ट संग्रहालय कार्यक्रमात नव्हतं. पुना पाऊ, जिथून मोआईंच्या डोक्यावरचे लाल दगडी टोप, म्हणजे पुकाओ, आणले, तेही नव्हतं. बाजारात लाकडी मोआई विकत घ्यायला मात्र दीड तास होता.

आता ओरोंगो, आणि त्याच्याबरोबर लंडन.

ओरोंगो रानो काऊच्या कड्यावर आहे. एका बाजूला ज्वालामुखीचं प्रचंड विवर, तळाशी पाण्यात लव्हाळ्यांची बेटं. दुसऱ्या बाजूला सरळ समुद्र आणि त्यात मोतू नुई हा छोटा खडक. मोआईंचा काळ सरल्यावर इथे दरवर्षी पक्षीमानवाची निवड व्हायची. टोळीटोळीतले तरुण कडा उतरून, पोहत मोतू नुईला जायचे, मानुतारा पक्ष्याचं पहिलं अंडं शोधून न फोडता परत आणायचे. ज्याचा माणूस अंडं आधी आणी, तो वर्षभर तांगाता मानू, म्हणजे पक्षीमानव. दगडी चपट्या घरांतल्या एका घरात एक मोआई उभा होता, बसाल्टचा, पाठीवर पक्षीमानव कोरलेले. होआ हाकानानाइआ. १८६८ साली ब्रिटिश नौदलाच्या ‘टोपाझ’ जहाजाचे लोक त्याला बाहेर काढून घेऊन गेले. १८६९ साली तो राणी व्हिक्टोरियाकडून ब्रिटिश म्युझियमला मिळाला. आजही तिथेच आहे.

ओरोंगोला वाटाडीने त्या घराच्या दिशेने बोट दाखवलं आणि काहीच बोलली नाही. आमच्यातल्या कुणाला काही समजलं नाही. मला समजलं, कारण त्याच्या काही वर्षं आधी तुमच्यापैकीच एका संस्थेबरोबर मी लंडनला गेले होते आणि त्या मोआईसमोर फोटो काढून पुढे निघाले होते. तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. त्याच्या मागे जाऊन पाठीवरचं कोरीव काम पाहायचं असतं, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

२०१८ साली बेटाच्या गव्हर्नर तारिता आलार्कोन रापू शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेल्या आणि त्याला घरी जाऊ द्या, अशी डोळ्यांत पाणी आणून विनंती केली. तो गेलेला नाही. चिलीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने मात्र २०२२ मध्ये दीडशे वर्षांपूर्वी नेलेला मोआई बेटाला परत दिला. आपल्याला हे कळायला हवं. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याला ठेवली गेली, तेव्हा संग्रहालयाबाहेरच्या रांगेत मी दोन तास उभी होते. माझ्या पुढे पाटणकडचे एक आजोबा होते, नातवाला घेऊन आलेले. तीन वर्षांनी परत द्यायची आहेत, हे ऐकल्यावर ते गप्पच झाले. ओरोंगोला आमची वाटाडी अशीच गप्प झाली होती.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि तुमच्या हातातल्या आहेत.

इस्टर बेटावर किमान तीन रात्री ठेवा. रानो राराकूला तीन तास, ओरोंगोला वेगळा अर्धा दिवस. परवडत नसेल तर बेट कार्यक्रमातून काढून टाका आणि सहल स्वस्त करा, पण एका रात्रीचं नाटक करू नका. जेवणाची वेळ स्थळांच्या वेळेप्रमाणे ठरवा. डबे बांधून द्या किंवा हांगा रोआतल्या दुकानातून घेऊ द्या.

माहितीपत्रकातली परग्रहवासीयांची ओळ काढा. माईकवर सांगायचा मजकूर आधी लिहून, वाचून, तपासून घ्या. रापा नुई लोकांचा इतिहास, गुलामगिरीची आणि कुरणाची वर्षं धरून, प्रत्येक प्रवाशाला मराठीत द्या.

वाटाड्याचं बोलणं पूर्ण भाषांतरित होईल असा व्यवस्थापक पाठवा. ज्याने बेटाविषयी काहीच वाचलेलं नाही, त्याला तिथे पाठवू नका.

विमानातून उतरण्याआधी नियम सांगा: आहूवर पाय नाही, मोआईला हात नाही, दगड-माती पिशवीत नाही, कुंकू-फूल-तेल नाही. कुठल्याही पुरातत्त्व स्थळावर संस्थेचं बॅनर उघडायचं नाही, तिथे नाही आणि आपल्या गडांवरही नाही. कार्यालयाला फोटो हवा असेल तर विमानतळावर काढा.

संग्रहालय आणि पुना पाऊ कार्यक्रमात घ्या. लंडनच्या सहलीत होआ हाकानानाइआपाशी पाच मिनिटं थांबा, त्याच्या मागे न्या आणि तो कुठून, कधी, कसा आला ते सांगा.

प्रवाशांना एकच विनंती. पैसे भरण्याआधी किती रात्री, किती तास आणि वाटाड्या कोण, हे विचारा. उत्तर लेखी घ्या.

मराठी माहितीपत्रकाचा मसुदा मी तयार केला आहे. साडेचार पानांचा आहे. मापं, तारखा आणि स्थळांची नावं तपासलेली आहेत, उच्चारही देवनागरीत दिले आहेत. त्यासाठी मला मानधन नको, नावही नको. तुमच्या व्यवस्थापकांना एक दिवस बसून समजावून सांगायचीही तयारी आहे, साताऱ्यात या किंवा पुण्याला बोलवा. पुढच्या हंगामाचं पत्रक छापायला जाण्याआधी कळवलंत तर लगेच पाठवते.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
सातारा